फ्रीस्टाइलसाठी पाय तयार करताना: नव्यानं पोहणाऱ्यांसाठी किकचा सराव

तलावावर नुकतीच फ्रीस्टाइल शिकलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते: हात बरे पडतात, श्वासही जमतो, पण २५ मीटरलाच दम संपतो. त्यावर सर काठावरून ओरडतात, "पाय मारा, पाय!" मग पुढच्या लॅपला तो माणूस जीव खाऊन पाय मारतो आणि मध्येच काठ धरतो. सरांचा सल्ला बरोबरच असतो, पण अर्धा. पाय कुठून मारायचे, किती मोठे मारायचे आणि मुळात कशासाठी मारायचे, हे गर्दीच्या बॅचमध्ये सांगायचं राहून जातं.

ज्यांना फ्रीस्टाइलनं २५ मीटर कसेबसे का होईना पार करता येतात आणि खोल पाण्यात न घाबरता तरंगता येतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अजून तरंगणंच जमत नसेल तर आधी ते शिका. किकचा, म्हणजे पाय मारण्याचा, सराव तोवर थांबू शकतो.

पाय नेमकं काय काम करतात

फ्रीस्टाइलमध्ये माणसाला पुढे ओढण्याचा मोठा वाटा हातांचा असतो. हे खरं असल्यामुळेच बरेच जण किककडे दुर्लक्ष करतात, आणि तिथेच फसतात. छातीत हवेनं भरलेली फुफ्फुसं असतात, म्हणून छाती वर राहते. शरीराचं वजन मात्र कंबरेच्या बाजूला जास्त, आणि पाय तर जडच. त्यामुळे आडवं झालं की छाती वर आणि पाय खाली अशी तिरकी अवस्था आपोआप येते. बायकांचे पाय सर्वसाधारणपणे कमी बुडतात. सडपातळ, पिळदार पायांच्या पुरुषांचे लवकर बुडतात.

आता या तिरक्या शरीराला पाणी समोरून केवढं अडवत असेल ते पाहा. सरळ आडव्या शरीराला पाण्यात जेवढी वाट करावी लागते, त्याच्या कितीतरी जास्त वाट लोंबत्या पायांना करावी लागते. शिवाय वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणजे हातांची सगळी मेहनत स्वतःचेच पाय ओढण्यात जाते. किकचं पहिलं काम हे पाय पृष्ठभागाजवळ ठेवण्याचं आहे. दुसरं काम तोल सांभाळण्याचं: हात मारताना शरीर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतं, त्या वळण्याला पाय लगाम घालतात. पुढे ढकलणं हे तिसरं काम. नवख्या माणसानं हा क्रम डोक्यात पक्का ठेवला की निम्मी घाई कमी होते.

घाई कमी होणं महत्त्वाचं आहे, कारण मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी. ते जोरात चालले की प्राणवायू भराभर संपतो. पहिल्या दहा मीटरमध्ये धपाधप पाय मारणाऱ्याचा स्टॅमिना कमी असतोच असं नाही. त्याची किक गरजेपेक्षा मोठी असते.

पहिली पायरी: पाण्याबाहेर घोटे तपासा

जमिनीवर पाय लांब करून बसा आणि पायाची बोटं शक्य तितकी पुढे ताणा, बॅले करणाऱ्या मुली ताणतात तशी. नडगी ते पायाचा पंजा अशी जवळजवळ सरळ रेषा होत असेल तर उत्तम. पंजा मध्येच अडकून वरच राहत असेल, तर तुमचा खरा प्रश्न घोट्यात आहे. धावणारे, फुटबॉल खेळणारे आणि सायकलवाले यांचे घोटे बहुधा असे ताठ असतात. मॅरेथॉन आरामात पळणारा तगडा माणूस किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) घेऊन पाय मारतोय आणि जागचा हलत नाही, हे दृश्य तलावावर नेहमीचं. काही जण तर चक्क मागे जातात. कारण साधं आहे: पंजा काटकोनात राहिला की तो पाणी मागे ढकलत नाही, खाली आणि पुढे ढकलतो.

यावर आपल्याकडे घरचा उपाय आहे, वज्रासन. पावलांची वरची बाजू जमिनीला टेकवून टाचांवर बसलं की घोटा नेमका हव्या त्या दिशेनं ताणला जातो. सुरुवातीला अर्धा मिनिट बसा, उठा, पुन्हा बसा. घोट्याखाली टॉवेलची घडी ठेवली तरी चालेल. गुडघेदुखी असेल तर हे करू नका. खुर्चीवर बसून हातानं पंजा खाली दाबा, तेवढं पुरे. रोज थोडं थोडं करावं लागतं आणि फरक दिसायला महिने लागतात. रविवारी एकदम अर्धा तास बसून घोटा सैल होत नाही.

ऑस्ट्रेलियाचा ऑलिम्पिक विजेता जलतरणपटू इयान थॉर्प याचे पाय १७ नंबरचे होते, ही गोष्ट पोहणाऱ्यांमध्ये फार चघळली जाते. पायाचा नंबर काही आपल्या हातात नाही. घोटा मात्र आहे.

दुसरी पायरी: काठ धरून हालचाल शिका

एका हातानं तलावाचा काठ धरा, दुसरा तळवा पाण्याखाली भिंतीला टेकवा आणि आडवे व्हा. तोंड पाण्यात. हळू पाय मारा. इथे वेगाला काहीच किंमत नाही, त्यामुळे लक्ष हालचालीवर देता येतं.

हालचाल कंबरेच्या सांध्यापासून सुरू झाली पाहिजे. मांडी आधी खाली जाते, गुडघा किंचित वाकतो, मग पाय खाली झटकला जातो आणि सर्वांत शेवटी पंजा. पायातली सैल चप्पल झटकून भिरकावताना पाय जसा चालतो, तसाच. पाय वर येताना मात्र तो जवळपास सरळ हवा. ही वर येणारी अर्धी किक बहुतेक जण विसरतात. खाली मारायचं आणि वर कसंतरी येऊ द्यायचं, असं चाललेलं असतं. वर उचलताना मांडीच्या मागच्या बाजूला आणि कुल्ल्यांमध्ये काम झाल्याचं जाणवलं, तर बरोबर चाललंय असं समजा.

दोन पायांमधलं वरखाली अंतर फूट-दीड फुटापेक्षा जास्त नको. टाचा पृष्ठभागाला जेमतेम फोडून याव्यात. पायाचे अंगठे किंचित आतल्या बाजूला वळलेले असावेत, येता-जाता ते एकमेकांना पुसटसे घासून गेले तर छानच. पंजा मुद्दाम ताणून धरू नका. ताणला की पोटरीत गोळा येतो, आणि नवख्यांना पेटके येण्याचं हे एक मोठं कारण आहे. गोळा आलाच तर काठ धरा, पायाची बोटं हातात पकडून नडगीच्या दिशेनं ओढा आणि सुटेपर्यंत थांबा.

ज्यांनी लहानपणी गावाकडे विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहणं शिकलं, त्यांना या पायरीवर जरा जास्त वेळ द्यावा लागतो. विहिरीत डोकं वर ठेवून पोहायची सवय लागते आणि पाय गुडघ्यातून मागे-पुढे चालतात; तलावावर त्याला सायकल मारणं म्हणतात. त्या पोहण्यानं माणूस दमत नाही आणि बुडत नाही, त्यामुळे ते वाईट अजिबात नाही. पण फ्रीस्टाइलमध्ये प्रत्येक वेळी मांडी पोटाकडे आली की ती पाण्याला आडवी जाते आणि वेगाला ब्रेक लागतो. जुनी सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून हा सराव हळू आणि रोज करा.

तिसरी पायरी: पाठीवर

पुष्कळ ठिकाणी काठावरून थेट बोर्ड हातात देतात. माझं मत वेगळं आहे. आधी पाठीवर किक मारा. तोंड वर असल्यामुळे श्वासाची काळजी नाही आणि चूक लगेच स्वतःला दिसते: गुडघे पाण्याबाहेर येत असतील तर तुम्ही सायकल मारताय. गुडघे पाण्याखाली आणि फक्त बोटांपाशी पाणी उकळल्यासारखं दिसलं पाहिजे. हात आधी मांड्यांजवळ ठेवा. जमू लागलं की डोक्यामागे ताणून एकावर एक तळवा ठेवा. बेंबी पृष्ठभागाकडे वर ढकला, नाहीतर कंबर खुर्चीत बसल्यागत खाली जाते. भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून छताचा खांब, पताका किंवा काठावरची एखादी खूण आधीच हेरून ठेवा. डोकं भिंतीवर आपटलं की सराव तिथेच संपतो.

चौथी पायरी: बोर्ड, पण तोंड पाण्यात

किकबोर्ड हे चांगलं साधन आहे आणि त्याचा सर्वाधिक उपयोग गप्पा मारायला होतो. दोघं शेजारी शेजारी, हनुवटी बोर्डवर, पाय जेमतेम हलतायत आणि ऑफिसातल्या बढत्यांची चर्चा चालू. हरकत काही नाही, पण तो किकचा सराव नव्हे. डोकं वर उचललं की कंबर खाली जाते. म्हणजे ज्या अवस्थेतून सुटायचं आहे, त्याच अवस्थेत पाय मारण्याची सवय लागते. मान आणि कंबरेचा खालचा भागही दुखू लागतो.

हे टाळायचं तर बोर्डची मागची कड बोटांनी हलकी धरा, हात सरळ, तोंड पाण्यात, नजर तळाकडे. पाण्यात बुडबुडे सोडत राहा आणि सहा-आठ किकनंतर डोकं थोडंसंच वर उचलून श्वास घ्या, लगेच परत खाली. श्वास रोखून धरू नका, त्यानं दम दुप्पट लागतो. पुढून तोंडावर येणारा स्नॉर्कल (श्वासाची नळी) असेल तर फारच सोय होते, श्वासासाठी डोकं हलवावंच लागत नाही. बोर्डवर भार टाकू नका. तो पाण्याखाली दाबला जात असेल, तर तुम्ही त्याच्यावर टेकलेले आहात.

काही दिवसांनी बोर्ड बाजूला ठेवून, हात पुढे ताणून तशीच किक मारून पाहा. दहा-बारा मीटरच जाल, पण शरीर खरोखर सरळ राहतंय का ते तेव्हाच कळतं.

पाचवी पायरी: कुशीवर

सगळ्या ड्रिल्समधून, म्हणजे सरावाच्या प्रकारांतून, एकच निवडायला सांगितलं तर मी ही निवडेन, कारण प्रत्यक्ष फ्रीस्टाइलमध्ये आपण सपाट पालथे फार कमी वेळ असतो. उजव्या कुशीवर पडा, उजवा हात पुढे ताणलेला, डावा मांडीवर. तोंड तळाकडे, डोकं हातावर न टेकवता. किक चालू ठेवा. श्वास हवा असेल तेव्हा हनुवटी फक्त वर वळवा, डोकं उचलू नका. एक लॅप या कुशीवर, परतताना दुसऱ्या. बहुतेकांची एक बाजू दुसरीपेक्षा फार अवघड जाते. त्या अवघड बाजूला जास्त वेळ द्या.

कात्रीची चूकही याच ड्रिलमध्ये पकडता येते. श्वास घेताना तोल गेला की वरचा पाय मागे आणि खालचा पुढे फाकतो, आणि कात्री उघडावी तशी किक थांबते. पोहणाऱ्याला हे स्वतःला कळत नाही. मित्राला मोबाइलवर मागून व्हिडिओ काढायला सांगा, अर्थात तलावावर त्याला परवानगी असेल तर. उपाय श्वासात असतो: वळणं कमी करा, गॉगलची एक काच पाण्यातच राहू द्या, आणि श्वास घेतानाच्या क्षणी अंगठे एकमेकांजवळ आहेत का याकडे लक्ष द्या.

उभी किक

खोल पाण्यात उभे राहून, हात छातीवर घडी घालून, फक्त फ्रीस्टाइल किकवर डोकं वर ठेवायचं. १५ सेकंद किक, तेवढीच विश्रांती, चार वेळा. गुडघ्यातून मारलं तर लगेच खाली जाता, त्यामुळे शिकवणी पाणीच घेतं. मात्र काठाजवळच करा आणि जीवरक्षकाला दिसेल अशा ठिकाणी.

हातांशी जुळवताना: सहा की दोन?

दोन्ही हातांचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत सहा किक बसल्या की ती सिक्स-बीट, आणि दोनच बसल्या की टू-बीट. ५० आणि १०० मीटरला सिक्स-बीटला पर्याय नाही. कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल पोहला; या अंतरांमध्ये पायांना विश्रांती नसते. लांब अंतराला मात्र अनेक जण कमी किक मारून दम वाचवतात.

यातून तलावावर एक गैरसमज पसरलाय की लांब पोहणाऱ्याला किकचा सराव नको. ट्रायथलॉनवाले (पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग शर्यत करणारे) तर हमखास सांगतात, "पाय सायकलला आणि पळायला राखून ठेवायचे." राखून ठेवायचे हे कबूल, पण राखलेले पाय वर तरंगायला हवेत ना. गोव्यात २०१९ पासून होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनमध्ये १.९ किलोमीटर समुद्रात पोहावं लागतं. थंड देशांत अशा वेळी वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, पायांना उचलून धरतो. आपल्या उबदार समुद्रात तो आधार धरून चालता येत नाही. खारं पाणी थोडी मदत करतं, तेवढंच. मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेत उतरणाऱ्यांनाही हेच लागू.

आणि शेवटच्या झटक्यासाठी पाय लागतातच. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या बॉबी फिंकनं ८०० आणि १५०० मीटर, दोन्ही शर्यती शेवटच्या ५० मीटरमध्ये फिरवल्या. १५०० मध्ये त्यानं ते ५० मीटर २५.७८ सेकंदांत कापले. चौदा मिनिटं पोहून झाल्यावर असा वेग केवळ हातांच्या जोरावर निघत नाही.

नवख्यांनी करायचं असं: आधी छोटी, सलग, न मोजता मारलेली किक हातांसोबत चालू ठेवा. ती स्थिर झाली की हळूहळू सिक्स-बीट आपसूक बसू लागते. टू-बीट शिकायची असेल तर एकच खूण लक्षात ठेवा: उजवा हात पाण्यात शिरून पुढे जात असताना डावा पाय खाली, आणि डाव्या हातासोबत उजवा पाय. मी मात्र पहिल्या काही महिन्यांत टू-बीटच्या मागे लागू नका असंच सांगेन. पाय आळशी असलेला माणूस त्याला टू-बीट म्हणतो आणि समाधान मानतो.

तासाभराच्या बॅचमध्ये किती?

एकूण अंतराचा पाव हिस्सा किकला द्या. आठवड्यातून तीन दिवस पोहत असाल तर तिन्ही दिवस थोडी थोडी. एकाच दिवशी सगळी उरकली तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आठवण येते.

सोपा आराखडा असा: आधी २०० मीटर हळू पोहून अंग मोकळं करा. मग २५ मीटर पाठीवर चार वेळा, २५ बोर्डवर तोंड पाण्यात ठेवून चार वेळा, २५ कुशीवर चार वेळा. मध्ये २० ते ३० सेकंद थांबा. लगेच त्याला जोडून २५ मीटर पूर्ण फ्रीस्टाइल चार वेळा, लक्ष फक्त पायांवर. ही शेवटची जोड गाळू नका. किक सुटी सुटी सुधारते आणि पोहण्यात उतरतच नाही, असं याच गाळण्यामुळे होतं. उरलेला वेळ तुमचं नेहमीचं पोहणं.

तलाव ५० मीटरचा असेल तर पहिले २५ किक आणि पुढचे २५ आरामात फ्रीस्टाइल, असं करा. संध्याकाळच्या गर्दीत किक मारणारा सगळ्यांची वाट अडवतो, म्हणून कडेची लेन धरा.

फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) वापरायचे असतील तर आखूड घ्या. त्यानं घोट्याला ताण मिळतो आणि सरळ शरीरानं वेगात जाणं कसं लागतं ते कळतं. पण काही लॅपपुरतेच. काढल्यानंतर पाय जड वाटतात आणि पुन्हा घालायचा मोह होतो, तो टाळा. मांड्यांमध्ये धरायचा तरंगता फोमचा तुकडा, पुल बॉय, तर नवख्यांनी शक्यतो लांबच ठेवावा. त्यानं पाय आयते वर राहतात, पोहणं एकदम सोपं होतं, आणि जे शिकायचं तेच बाजूला राहतं.

सुधारणा कशी मोजायची

दर दोन-तीन आठवड्यांनी दोन गोष्टी वहीत लिहा. एक, बोर्डवर २५ मीटर किकला लागलेला वेळ. दुसरी, २५ मीटर फ्रीस्टाइलला पडलेले हात. पाय वर राहू लागले की वेळ फारशी घटण्याआधी हातांची संख्या कमी होते, म्हणून सुरुवातीला दुसऱ्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवा. किकची वेळ घटली, हात मात्र तेवढेच पडतायत आणि दम पूर्वीपेक्षा जास्त लागतोय, असं दिसलं तर किक मोठी झालेली आहे. अशा वेळी आठवडाभर बोर्डला हात लावू नका, पाठीवरच्या किकवर परत या आणि गुडघे पाण्याखाली आहेत का ते पाहा.